काळं पडलं म्हणून नाणं खोटं ठरत नाही

प्रश्न : आजीच्या लक्ष्मीपूजनाच्या डब्यात राणीछाप, राजाछाप रुपये निघाले. सगळे काळेकुट्ट. शेजारी म्हणतात, खरी चांदी काळी पडत नाही. एक नाणं चुंबकाला चिकटलंही. चिंचेने घासून पाहू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी हे, की घासू नका. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर काळा थर येतो आणि तो खऱ्या चांदीवरही येतो. संग्राहकांना तो थर हवा असतो. चिंच, राख, टूथपेस्ट यांनी राणीच्या केसांची बारीक नक्षी जाते आणि किंमतही उतरते. कुंकू-तेल बसलं असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून बुडवा, मऊ सुती कापडाने टिपून घ्या.

चुंबकाला चिकटलेल्या नाण्यावरचं साल पाहा. १९४७ असेल तर ते खरंच आहे, फक्त निकेलचं. न चिकटलेली मात्र तेवढ्याने चांदीची ठरत नाहीत, पितळही चिकटत नाही. सराफाकडे वजन करा. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा, त्यात ९१.७ टक्के चांदी. झिजलेला थोडा कमी भरेल, पण नक्षी ठळक असून ग्रॅमभर कमी भरला तर शंका घ्या. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, वजन तेवढंच. शुद्धता तपासणारा कॅरेटमीटर वरचाच थर वाचतो, मुलामा त्याला फसवू शकतो. त्यामुळे वजनाशिवाय त्यावर विसंबू नका. वितळवायला तर मुळीच देऊ नका.