ओढणे सोपे, आवरणे कठीण

एका गाडीचे नाव 'अर्ध्या टनाची'. परंतु तिच्यात पाऊण टन माल भरला तरी ती सहज चालते. मग तिला पाऊण टनाची का म्हणत नाहीत? बरे, 'पाऊण टनाची' म्हणून जी निराळी गाडी मिळते, ती तर टनापेक्षाही अधिक भार वाहते. हा काय घोटाळा आहे?

या गाड्या अमेरिकेतल्या. पुढे माणसांना बसायची बंद जागा आणि मागे उघडा हौदा, अशा गाडीला पिकअप म्हणतात. अमेरिकेतला टन २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा असतो. अर्धा टन म्हणजे सुमारे ४५४ किलो. फोर्ड कंपनीने १९४८ साली एफ-१, एफ-२, एफ-३ अशा गाड्या काढल्या. त्यांतली एफ-१ अर्ध्या टनाची आणि एफ-२ पाऊण टनाची. त्या काळी ही नावे गाडी किती माल वाहील ते खरोखरच सांगत असत. पुढे इंजिने सुधारली, पोलाद सुधारले, गाड्या अधिक माल वाहू लागल्या. नावे मात्र तीच राहिली. आता अर्धा टन ही हलकी जात, आणि पाऊण टन व एक टन या भारी जाती, एवढाच त्या नावांचा अर्थ उरला आहे.

हलकी गाडी सोडून भारी गाडी घ्यायची म्हणजे नक्की काय घ्यायचे? पुष्कळांना वाटते, जास्त ताकदीचे इंजिन. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. उरलेले अर्धे आपण एका उदाहरणावरून शोधू.

दारावरची पट्टी

समजा, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहराजवळ एक शेतकरी कुटुंब राहते. त्यांच्याकडे अर्ध्या टनाची गाडी आहे. तिला ट्रेलर जोडून चार घोडे डोंगरापलीकडे न्यायचे आहेत. एक घोडा ५०० किलोंचा धरला, तर चार घोडे २,००० किलो. रिकामा ट्रेलर १,६०० किलो. एकूण ३,६०० किलो. गाडीच्या माहितीपत्रकात लिहिले आहे, "ही गाडी ४,५०० किलो ओढू शकते." मग हरकत कसली?

पण थांबा. दार उघडल्यावर चौकटीवर एक छोटी पट्टी दिसते. आपल्या गाडीच्या पट्टीवर समजा असे आहे: गाडी आणि तिच्यातला सगळा भार मिळून ३,२०० किलोंहून जास्त नसावा. गाडीचे स्वतःचे वजन २,४०० किलो. म्हणजे उरले ८०० किलो.

आता बेरीज करा. घरातली चार माणसे, ३०० किलो. हत्यारांची पेटी, खोगिरे वगैरे, १०० किलो. झाले ४०० किलो. अजून ४०० शिल्लक आहेत. ट्रेलर तर स्वतःच्या चाकांवर चालतो, त्याचे वजन येथे कशाला मोजायचे?

येथेच चूक होते. ट्रेलरची दांडी गाडीच्या मागच्या आकड्यावर टेकते आणि त्याला खाली दाबते. हा दाब ट्रेलरच्या वजनाच्या शेकडा १० ते १५ असावा लागतो. तो कमी झाला, तर ट्रेलर वेगात असताना शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोलू लागतो आणि गाडीलाही आपल्याबरोबर फरफटत नेतो. शेकडा १२ धरले, तर ३,६०० किलोंच्या ट्रेलरचा दाब ४३२ किलो होतो. एकूण भार झाला ८३२ किलो. मर्यादा होती ८०० ची!

इंजिन ४,५०० किलो ओढायला तयार आहे. पण गाडीची पाठ ३,६०० किलोंच्या ट्रेलरलाच वाकली. ओढण्याची शक्ती आणि पेलण्याची शक्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बैलगाडी का उलाळते?

बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त माल भरला, की पुढचे जू वर उचलले जाते. गाडी उलाळली, असे आपले शेतकरी म्हणतात. ही तरफच आहे. चाकाचा आख हा तिचा टेकू.

पिकअपचेही तसेच होते. तिचा मागचा आख हा टेकू. समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांत ३.६ मीटर अंतर आहे आणि ट्रेलरचा आकडा मागच्या आखाच्या मागे १.२ मीटरवर आहे. १.२ हे ३.६ चा तिसरा हिस्सा. म्हणून आकड्यावर ४३२ किलो टेकले, की पुढच्या चाकांवरचा भार १४४ किलोंनी कमी होतो. तो जातो कुठे? मागच्या चाकांवर. त्यांच्यावर ४३२ अधिक १४४, म्हणजे ५७६ किलोंचा जादा भार पडतो. ही बेरीज पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

पुढची चाके हलकी झाली, की सुकाणूचक्राचा हुकूम ती नीट पाळत नाहीत. ब्रेक दाबला तर रस्त्याला नीट धरत नाहीत. गाडी जड असली, तिचा सांगाडा लांब आणि ताठ असला, तर तेवढ्याच दाबाचा तिच्यावर परिणाम कमी होतो. भारी गाडी घेण्याचे हे पहिले कारण.

करून पहा

मागे वाढलेला भार पेलतात त्या कमानी, म्हणजे पाटे. त्यांचे काम समजण्यासाठी एक प्रयोग करा. लाकडी फूटपट्टी टेबलाच्या कडेवर अशी ठेवा, की २० सेंटिमीटर भाग बाहेर राहील. आतला भाग हाताने घट्ट दाबून धरा. बाहेरच्या टोकाला दोऱ्याने लहानसे वजन टांगा आणि टोक किती खाली वाकते ते मोजा. आता तशीच दुसरी फूटपट्टी पहिलीवर ठेवून तेच वजन टांगा. वाकणे सुमारे निम्मे होईल. पाटे दुप्पट, ताठपणा दुप्पट.

पण दोन पट्ट्यांऐवजी दुप्पट जाडीची एकच पट्टी घेतली तर? वाकणे निम्मे नव्हे, एक अष्टमांश होते! कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: २ × २ × २ = ८. म्हणून पाटा थोडासा जाड केला, तरी तो कितीतरी अधिक भार पेलतो. भारी गाडीत पाटे अधिक किंवा जाड असतात ते यासाठी.

याची किंमतही द्यावी लागते. रिकामी भारी गाडी खड्ड्यातून जाताना आतल्या माणसांची हाडे खिळखिळी करते. पाटे एक टनासाठी केलेले. रिकाम्या हौद्याने ते वाकणार कसे?

टायरांची गोष्ट अशीच. भार खरे म्हणजे टायरमधली हवा पेलते. अर्ध्या टनाच्या गाडीत हवेचा दाब चौरस इंचाला ३५ पौंडांच्या आसपास असतो. भारी गाडीच्या जाड टायरांत तो ८० पौंडांपर्यंत असतो. दाब दुप्पट झाला, की रस्त्यावर टेकलेला टायरचा तेवढाच भाग दुप्पट वजन पेलतो. हवा कमी आणि भार जास्त असेल, तर टायरच्या भिंती सतत वाकतात, तापतात आणि शेवटी फाटतात.

वाकायचे की फिरायचे?

आता गाडीच्या खाली डोकावू. बैलगाडीचा आख फिरत नाही. तो नुसता वजन पेलतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. मोटारीत मात्र इंजिनाची शक्ती चाकापर्यंत न्यायला फिरणारा दांडा लागतो. अर्ध्या टनाच्या गाडीत बहुधा या एकाच दांड्यावर दोन कामे असतात: चाक फिरवायचे आणि गाडीचे वजनही पेलायचे. भार वाढला, की फिरता फिरता तो दर फेऱ्याला थोडा वाकतो. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली तर काय होते, हे तुम्हाला माहीत आहे.

भारी गाडीत कामांची वाटणी केलेली असते. दांड्याभोवती पोलादाची जाड नळी असते आणि चाकाचा तुंबा बेअरिंगांवर त्या नळीभोवती फिरतो. वजन पेलते नळी. दांडा फक्त फिरवण्याचे काम करतो. चाके जागेवर ठेवून, गाडी उभी असताना हा दांडा बाहेर ओढून काढता येतो. तरी गाडी खाली बसत नाही! म्हणजे बैलगाडीची जुनी युक्तीच येथे पुन्हा उपयोगी पडली.

आपल्याकडच्या मोठ्या ट्रकांतही हीच रचना असते. मागच्या चाकाच्या मध्यातून बाहेर आलेला तुंबा आणि त्यावरचे बोल्टांचे कडे तुम्ही पाहिले असेल. त्या बोल्टांमागे तो दांडा असतो.

खरी परीक्षा उताराला

आपले कुटुंब चार घोडे घेऊन निघाले. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा महामार्ग चढत चढत आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंचीवर पोहोचतो. हा बोगदा १९७३ साली खुला झाला. तेथे हवा विरळ असते, इंजिन दमते, पण हळूहळू का होईना, चढते. बोगदा ओलांडला, की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत रस्ता सुमारे ७०० मीटर खाली उतरतो.

आता हिशेब करू. गाडी २,४००, माणसे आणि सामान ४००, ट्रेलर ३,६००: एकूण ६,४०० किलो. हे वजन ७०० मीटर खाली आले, की किती ऊर्जा मोकळी होते?

६,४०० × ९.८ × ७०० = सुमारे ४ कोटी ३९ लाख जूल.

एवढ्या उष्णतेने २० अंशांचे १३० लिटर पाणी उकळीला येईल! ही उष्णता कोठेतरी गेलीच पाहिजे. गाडीच्या चार चाकांच्या ब्रेकच्या तबकड्या मिळून ५० किलो लोखंड धरा. एक किलो लोखंड एक अंशाने तापवायला सुमारे ४६० जूल लागतात. सगळी उष्णता तबकड्यांतच साठली, तर त्या १,९०० अंशांनी तापतील. लोखंड वितळते सुमारे १,५३८ अंशांना!

प्रत्यक्षात असे होत नाही. वाऱ्याचा विरोध, टायरांचे घर्षण, ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक आणि तबकड्यांवरून वाहणारी हवा मिळून बरीच उष्णता घेऊन जातात. परंतु पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर धोका खराच आहे. तापलेल्या ब्रेकची पकड ढिली होते. ब्रेक ऑइल उकळले, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय तळापर्यंत जातो, पण चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही. यालाच आपण ब्रेक फेल झाला म्हणतो. अशा गाड्यांसाठी त्या उतारावर बाजूला खडीचे चढ करून ठेवले आहेत. सुटलेली गाडी त्यांत घुसली, की रुतून थांबते.

उपाय काय? खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनालाच ब्रेक करायचे. पेट्रोल इंजिनात पाय उचलला, की हवेची वाट बंद होते आणि दट्ट्याला पोकळीविरुद्ध ओढत राहावे लागते. पिचकारीचे तोंड बोटाने बंद करून दांडा मागे ओढा, म्हणजे तो विरोध हाताला कळेल. डिझेल इंजिनात सहसा हवेची वाट अशी बंद होत नाही. म्हणून नुसता पाय उचलल्याने ते फारसे अडवत नाही. त्यासाठी भारी डिझेल गाडीत धूर बाहेर जाण्याची वाट आवळणारी योजना असते. तिला एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात. उष्णता धुराबरोबर आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. चाकांचे ब्रेक थंड राहतात आणि अडचणीच्या वेळी उपयोगी पडतात.

मोठी गाडी घेतली की झाले?

नाही. समजा, त्या कुटुंबाने ३,४०० किलोंची डिझेल गाडी घेतली. अशा पुष्कळ पाऊण टनी गाड्यांची एकूण मर्यादा १०,००० पौंड, म्हणजे ४,५३६ किलो ठेवलेली असते. कारण त्यापुढे गाडीचा सरकारी वर्ग बदलतो. ४,५३६ मधून ३,४०० वजा केले, की १,१३६ किलो उरतात. जड इंजिनानेच बरीच जागा खाल्ली! ८३२ किलो मात्र आता मर्यादेत बसतात. शिवाय उतारावरचे एकूण वजन ७,४०० किलो झाले, म्हणजे आवरायची ऊर्जाही वाढली. मोठ्या तबकड्या आणि एक्झॉस्ट ब्रेक ती आवरू शकतात. पण चालकाने खालचा गिअर टाकला तरच. गाडी मोठी झाली, म्हणून निसर्गाचा नियम बदलत नाही.

तेव्हा त्या कुटुंबाने आधी काय करावे? माणसे, घोडे, सामान यांसह वजनकाट्यावर जावे. पुढची चाके आणि मागची चाके निरनिराळी तोलावीत आणि आकडे दारावरच्या पट्टीशी ताडून पाहावेत. कदाचित दोन घोडे आज आणि दोन उद्या नेले, तर नवी गाडी लागणारही नाही.

आपल्या घाटांतही जुने चालक नव्यांना सांगतात, "ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर." आता या वाक्यामागचे चार कोटी जूल तुम्हाला ठाऊक झाले आहेत. पुढच्या खेपेस घाट उतरताना पुढच्या ट्रकच्या इंजिनाचा आवाज लक्ष देऊन ऐका. गाडी उताराला असूनही इंजिन घुमत असेल, तर समजा की आत एक शहाणा चालक बसला आहे.