अंगणातील फुलबाग

रायगडच्या किनाऱ्यावर अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत गावोगाव नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. मुख्य रस्ता सोडून पाखाडीने आत वळले, की माडांच्या सावलीत कौलारू घरे दिसू लागतात. घरापुढे सारवलेले अंगण, मध्ये तुळशीवृंदावन आणि कडेने फुलझाडे, अशी तेथील जुनी रीत आहे. देवपूजेपुरती आणि वेणीपुरती फुले घरचीच असावीत, ही तेथल्या गृहिणींची हौस. ती वरवर पाहता लहान वाटते. परंतु तिच्यासाठी वर्षभर किती दक्ष राहावे लागते, हे बाग करणाऱ्यालाच ठाऊक!

श्रीवर्धनजवळच्या अशाच एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. घरात एक वृद्ध आजी आणि तिची शाळकरी नात. दोघींचा दिवस परडी घेऊनच उगवे. पावसाळा सरता सरता प्राजक्ताखाली पहाटे फुलांचा सडा पडलेला असे. ही फुले रात्री उमलतात आणि उजाडता उजाडता गळतात. म्हणून ती खुडायची नसतात, वेचायची असतात. जास्वंद सकाळच्या उन्हाबरोबर उमले. गुलबक्षी मात्र ऊन कलल्यावाचून डोळे उघडत नसे. घड्याळाकडे न पाहताही नातीला वेळ कळू लागली होती.

अबोलीची गंमत तर आगळीच. तिच्या फुलांना वास नसतो. परंतु वेणीत ती पुष्कळ वेळ टवटवीत राहतात. तिच्या वाळलेल्या कणसावर पाणी शिंपडले, की बोंडे तडतड फुटतात आणि बी दूर उडते. नातीला हा खेळ फार आवडे. एकदा तिने विचारले, “आजी, ही बोंडे पाणी पडल्यावरच का फुटतात?”

आजी म्हणाली, “कोरड्या मातीत पडलेले बी रुजेल का? पाऊस आला, हे कळल्यावरच ते घर सोडते.”

बागेत सुखाबरोबर दुःखेही येत. आषाढातला खारा वारा सुटला, की समुद्राकडील झाडांच्या पानांच्या कडा करपून जात. पागोळ्यांखालच्या रोपांची मुळे साचलेल्या पाण्याने कुजत. रात्री गोगलगाई कोवळे कोंब फस्त करीत. एकदा जास्वंदीच्या शेंड्यांवर मुंग्यांची रांग दिसली. मुंग्याच कळ्या खातात, असे समजून नात त्यांना झटकू लागली. आजीने पान उलटून दाखविले. खाली मावा दाटला होता. मावा झाडाचा रस शोषतो आणि त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या येतात. पाण्याच्या जोरदार धारेने मावा धुऊन काढावा लागला. ठिपकेदार पाठीचे लहान लाल भुंगेरे मात्र आजीने राहू दिले. कारण मावा हेच त्यांचे अन्न.

एक कोडे मात्र सुटत नव्हते. मोगऱ्याचा वेल हिरवागार होता, पण चैत्र-वैशाखातही त्याला मोजकीच फुले येत. शेणखत घातले, राख घातली, छाटणी केली. पाने तेवढी वाढली.

अशातच ३ जून २०२० हा दिवस उगवला. त्या दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. कौले उडाली, विजेचे खांब वाकले आणि माड-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. जे घर आपण पाहत आहोत, त्याच्या दारातही एक माड कोसळला. त्याखाली मोगरा चिरडला गेला. वादळातून वाचलेली अबोली पुढे पावसाची उघडीप होताच करपू लागली. कारण तिच्यावरची पोफळींची सावली नाहीशी झाली होती.

आजी काही दिवस अंगणात आलीच नाही. पोफळीच्या रोपाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. मग फुलांचे काय घेऊन बसायचे, असे तिला वाटे. एके सकाळी शेजारीण अबोलीची चार रोपे घेऊन आली. “काकू,” ती म्हणाली, “तुमच्याच अबोलीची ही लेकरे. तुम्ही दिलेले बी माझ्या घरामागे रुजले होते.”

आजी उठली. सावली लवकर मिळावी म्हणून तिने आधी केळी लावल्या आणि त्यांच्या आडोशाला अबोली. माडाचे खोड हलविले, तेव्हा मोगऱ्याच्या बुंध्याशी दोन धुमारे दिसले. नातीने त्यांच्याभोवती नवे आळे केले.

पुढच्या उन्हाळ्यात नवल घडले. तो मोगरा फुलांनी ओथंबला! आजी वर पाहत राहिली. डोक्यावर आता मोकळे आकाश होते. मोगऱ्याला खताची नव्हे, उन्हाची उणीव होती. जे ऊन अबोलीला जाळीत होते, त्याचीच वाट तो इतकी वर्षे पाहत होता.

मोगरा फुलला म्हणून वाडी गेल्याचे दुःख सरले नाही. आजीने पोफळीची नवी रोपे लावलीच. तेव्हा नात म्हणाली, “आजी, ही मोठी झाली की मोगऱ्यावर पुन्हा सावली येईल.” आजी हसली. त्या पावसाळ्यात मोगऱ्याची एक फांदी मातीत दाबून दोघींनी तिला मुळे फुटू दिली आणि ते रोप अंगणाच्या पूर्व कडेला, जिथे सकाळचे ऊन कोणी अडविणार नाही अशा जागी, नातीने आपल्या हातांनी लावले.