आधी डोकी मोज, मग नावं

पोरी, माळशिरस तालुक्यातली शाळा मिळाली आहे तुला. एक गोष्ट आत्ताच मनात पक्की धर. मुलं वर्गाबाहेर काढायला फार वेळ लागत नाही. बाईंची खरी कसोटी लागते ती मुलं बाहेर आल्यानंतर.

आमच्या शाळेत पोषण आहाराच्या खोलीत गॅसची नळी पेटली, त्या दिवशी हे मला उमगलं. वर्ग भराभर मोकळे झाले, पट जुळला. तरी चौथीतली एक मुलगी रडायची थांबेना. तिची धाकटी बहीण मागच्या भिंतीशी झोपली होती. आईबाप फडात ऊस तोडायला गेले की मोठं लेकरू धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत येतं. त्या चिमुरडीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. तिला उचलून आणलं आणि आग विझली, पण तेव्हापासून सकाळच्या हजेरीबरोबर मी वर्गातली सगळी डोकी मोजत आले. पटाबाहेरच्या पोरांचा आकडा हजेरीपत्रकाच्या कडेला पेन्सिलीनं लिहीत जा. फळ्यावर लिहू नकोस, फळा आतच राहतो. आवारात अंगणवाडी असेल तर तिथली मुलं, स्वयंपाकाच्या ताई, कोण मुतारीकडे गेलंय, हेही ध्यानात असू दे. हजेरीपत्रक कपाटात कुलपाआड ठेवू नकोस.

गळ्यात शिट्टी असावी. गॅसचा वास आला तर विजेची घंटा वाजवायची नाही, बटणाला हात लावायचा नाही; एक ठिणगी पुरते. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून वारा जिकडून येतो तिकडे मुलं न्यायची. तमिळनाडूत कुंभकोणमला 16 जुलै 2004 रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपराला लागली आणि 94 मुलं गेली. बाहेर पडायचा जिना अरुंद होता. तुझ्या वर्गाच्या दारात चपलांचा ढीग असेल, तो आजच बाजूच्या भिंतीला लाव. घाईत पहिलं लेकरू त्यातच अडखळतं. दप्तरासाठी कुणालाही परत आत सोडू नकोस.

मात्र प्रत्येक संकटात बाहेरच पळायचं असं नाही. आग्या मोहोळ उठलं तर उलट मुलं आत घ्यायची, दारं-खिडक्या लावायच्या. डंख बसलेल्या लेकराचे ओठ सुजले, श्वास लागला, तर घरगुती उपाय करत बसू नकोस, थेट 108 ला फोन लाव.

शाळा दोन शिक्षकांची असेल तर एकानं पुढं, एकानं शेवटी चालायचं. वरच्या वर्गातल्या मुलांच्या हाती पहिलीची मुलं द्यायची. कुठं जमायचं ते आधी ठरलेलं हवं. पालखी मार्गाकडं तर मुळीच नको, तिथं उसाच्या ट्रॉल्या धावतात. वीर धरणातून विसर्ग वाढल्याचा निरोप आला आणि शाळा नीरेकाठी असेल, तर पाणी बघायला थांबू नकोस, उंचावर चल. जपानमध्ये ओकावा गावच्या शाळेत 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर मुलं सुखरूप मैदानात जमली होती. कुठं जायचं हे ठरवता ठरवता पाऊण तासाहून जास्त वेळ तिथंच गेला. टेकडी मागेच होती. सुनामीत 74 मुलं आणि 10 शिक्षक गेले. मैदानात आलो म्हणजे सुटलो, असं समजू नये.

आणि मुलांचं ऐक. राजस्थानात पिपलोदीला 25 जुलै 2025 रोजी शाळेचं छत कोसळून 7 मुलं गेली. वरून खडे पडताहेत असं आम्ही आधी सांगितलं होतं, असं बचावलेली मुलं म्हणाली. लेकरू काही सांगत असेल तर धडा थांबव आणि वर बघ.

बातमी गावात पोचली की मोटारसायकली येतील, आया रडत येतील. सगळ्यात अवघड वेळ हीच. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून एकच निरोप जाऊ दे, मुलं कुठं आहेत आणि कोणत्या बाजूनं यायचं ते. लेकरू द्यायचं ते ओळखीच्या माणसालाच. कोण घेऊन गेलं, किती वाजता, ते लिहून सही घे. कुणी चिडेल, सरपंचांचं नाव सांगेल; तू आवाज चढवू नकोस आणि वहीही बंद करू नकोस. तुझं स्वतःचं मूल त्याच शाळेत असेल तर त्याला कोण सांभाळणार हे शेजारच्या बाईंशी आजच बोलून ठेव. ऊसतोडीची लेकरं शेवटपर्यंत तुझ्याजवळ राहतील, त्यांचे आईबाप लांबच्या फडात असतात. ती गेल्याशिवाय घरी जाऊ नकोस.

येत्या शनिवारी सकाळच्या शाळेत कवायतीच्या तासाला, न सांगता, शिट्टी वाजव. सगळ्यांना बाहेर काढ आणि एकदा मोजून बघ.