‘दारू घेता का?’

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पायाचे हाड मोडलेला चाळिशीतला एक शेतकरी माझ्याकडे आला. "दारू घेता का?" मी नेहमीप्रमाणे विचारले. "नाही साहेब, कधीतरी सणासुदीला." मी कागदावर ‘व्यसन नाही’ असे लिहून त्याला शस्त्रक्रियेसाठी पाठवले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. पण तिसऱ्या रात्री त्याचे हात थरथरू लागले, दरदरून घाम सुटला, भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून तो ओरडू लागला. नातेवाइकांना बाहेरची बाधा वाटली. दारू एकाएकी तुटल्याचा तो परिणाम होता. बायकोला बाजूला घेऊन विचारले तेव्हा कळले, बारा वर्षे रोज घेत होता.

तो खोटारडा होता का? मला तसे वाटत नाही. मी प्रश्न विचारला तेव्हा शेजारी त्याचे सासरे उभे होते. चूक माझी.

व्यसनी माणसाच्या शब्दावर विसंबू नये, असे आपण मानतो. संशोधन मात्र वेगळे सांगते. उत्तर गुप्त राहील, त्यावरून शिक्षा होणार नाही अशी खात्री असली आणि विचारताना माणूस शुद्धीत असला, तर बहुतेकजण बरेचसे खरे सांगतात. नोकरी, पोलीस, घरची अब्रू मध्ये आली की आकडा घसरतो.

कधी हिशेबच चुकतो. "रोज एकच क्वार्टर" हे प्रामाणिक उत्तर असते. पण १८० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणून हल्ली मी रुग्णाला एकटे बसवून "काल किती? परवा किती?" असे एकेक दिवस मागे जात विचारतो.

मग रक्तच का तपासू नये? रक्तातली दारू काही तासांत उतरते, बारा वर्षे त्यात दिसत नाहीत. यकृताच्या तपासण्या बिघडतात, पण त्या इतर कारणांनीही बिघडतात.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत वर सांगितलेला भ्रम होतो, तो जिवावरही बेततो. आधी कळले तर औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन बहुधा टाळता येतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे ठाऊक हवे. चारचौघांत बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. शेवटची कधी घेतली तेही लिहा.

तो शेतकरी पाचव्या दिवशी भानावर आला. पहिले वाक्य होते, "साहेब, सासऱ्यांना कळलं का?"