जमिनीतील जस्त, दाण्यातील जस्त आणि रक्तातील साखर

प्रस्तावना

मधुमेह हा आता केवळ शहरी आजार राहिलेला नाही. त्याबरोबर जस्त म्हणजेच झिंक या सूक्ष्म अन्नद्रव्याविषयी अनेक समजही ग्रामीण भागात पोहोचले आहेत. जस्ताची गोळी घेतली की साखर उतरते, हा त्यांपैकी एक. या समजामागे थोडे शास्त्र आहे आणि बरीच अतिशयोक्तीही आहे. विस्तार कार्यकर्त्याला यातील सीमारेषा ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण जस्ताचा प्रवास शेतातील मातीपासूनच सुरू होतो.

जस्त आणि इन्सुलिन

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात एकूण जस्त सुमारे दोन ग्रॅम असते. तीनशेहून अधिक विकरांच्या कार्यासाठी ते लागते. शरीराची वाढ, जखम भरून येणे आणि रोगप्रतिकारशक्ती यांसाठीही त्याची गरज असते. लोहाप्रमाणे त्याचा मोठा साठा शरीरात राहत नाही, म्हणून ते रोजच्या आहारातूनच मिळावे लागते.

रक्तातील साखरेशी जस्ताचा संबंध स्वादुपिंडात येतो. तेथील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात आणि गरज पडेपर्यंत साठवून ठेवतात. या साठ्यात इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन आयनांभोवती एकत्र बांधलेले असतात. रक्तातील साखर वाढली की हा साठा मोकळा होतो, रेणू सुटे होतात आणि कामाला लागतात. इन्सुलिनचे स्फटिक तयार होण्यासाठी जस्त लागते, हे टोरांटो येथील संशोधक स्कॉट यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. डोरोथी हॉजकिन यांनी १९६९ मध्ये इन्सुलिनची त्रिमितीय रचना उलगडली, तीही जस्तयुक्त स्फटिकांच्या आधारे.

मधुमेही व्यक्तींच्या लघवीवाटे जस्त अधिक प्रमाणात बाहेर पडते, असेही आढळले आहे. पूरक जस्त देऊन केलेल्या काही चाचण्यांत उपाशीपोटीची साखर थोडी कमी झाली, परंतु यांतील अनेक चाचण्या लहान असून त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणून जस्त हे पोषक द्रव्य आहे, मधुमेहावरील औषध नव्हे, असेच सांगितले पाहिजे.

पिकाची कमतरता, माणसाची कमतरता

विशेष म्हणजे जस्ताची कमतरता पिकांत आणि माणसांत साधारण एकाच दशकात लक्षात आली. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणमधील शिराझ येथे वाढ खुंटलेले तरुण पाहिले. त्यांचा आहार मुख्यतः रोटीचा होता. १९६१ मध्ये त्यांनी या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि १९६३ मध्ये इजिप्तमधील अभ्यासातून जस्ताच्या कमतरतेचा पुरावा पुढे आला. त्याच दशकात पंतनगर कृषी विद्यापीठात डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी तराई भागातील भाताच्या 'खैरा' रोगाचे कारण शोधले. तो कोणत्याही रोगजंतूमुळे नव्हे, तर जस्ताच्या अभावामुळे होतो, हे त्यांनी सिद्ध केले.

देशातील एक तृतीयांशाहून अधिक जमिनींत उपलब्ध जस्त कमी आहे. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त, अधिक सामू असलेल्या काळ्या जमिनींत जस्त असूनही ते पिकाला मिळत नाही. स्फुरदाचा अवाजवी वापरही जस्ताच्या शोषणात अडथळा आणतो.

शेतात काय करावे

प्रथम माती परीक्षण करावे. डीटीपीए पद्धतीने उपलब्ध जस्त प्रति किलो मातीत ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी आढळल्यास हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट द्यावे. ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून दिल्यास अधिक उपयुक्त ठरते. स्फुरदयुक्त खतांत ते मिसळू नये. एकदा दिलेल्या मात्रेचा परिणाम पुढील दोन-तीन पिकांपर्यंत टिकतो, त्यामुळे परीक्षणाविना दरवर्षी ते टाकत राहू नये.

जमिनीतून दिलेल्या जस्ताने मुख्यतः उत्पादन सुधारते. दाण्यातील जस्त वाढवायचे असल्यास फुलोऱ्यानंतर, दाणे दुधाळ असताना केलेली फवारणी अधिक परिणामकारक ठरते. त्यासाठी प्रति लिटर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट घ्यावे आणि पाने करपू नयेत म्हणून २.५ ग्रॅम चुन्याची निवळी मिसळावी.

वाणांची निवड

जैवसंपृक्त वाण हा याहून सोपा आणि कायमचा मार्ग आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी आणि इक्रिसॅट यांनी विकसित केलेला बाजरीचा 'धनशक्ती' हा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. त्याच्या एक किलो दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त असते. सर्वसाधारण बाजरीत जस्ताचे प्रमाण ३० ते ३५ मिलिग्रॅम असते. 'धनशक्ती' हा सुधारित वाण असल्याने त्याचे बियाणे घरी राखता येते. मात्र बाजरीत परपरागीभवन होत असल्याने बियाण्याच्या प्लॉटपासून इतर वाणांचे अंतर राखावे. 'फुले महाशक्ती' हा संकरित वाण असल्याने त्याचे बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. ज्वारीत 'परभणी शक्ती' आणि बन्सी गव्हात आघारकर संशोधन संस्थेचा 'एमएसीएस ४०२८' हे पर्याय उपलब्ध आहेत.

अशा धान्याचा शरीराला खरोखर उपयोग होतो का, याची तपासणी बेळगाव येथे सुमारे दोन वर्षे वयाच्या मुलांवर झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साध्या बाजरीतून दिवसाला सरासरी ०.६७ मिलिग्रॅम, तर जैवसंपृक्त बाजरीतून ०.९५ मिलिग्रॅम जस्त शोषले गेले.

ताटापर्यंतचा हिशेब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दररोज पुरुषाला १७ आणि स्त्रीला १३.२ मिलिग्रॅम जस्त आवश्यक आहे. कष्टाची कामे करणाऱ्या व्यक्तीने दिवसभरात ३०० ग्रॅम बाजरी खाल्ली, तर ३० मिलिग्रॅमच्या साध्या बाजरीतून ९ आणि 'धनशक्ती'तून १२ मिलिग्रॅम जस्त मिळते. उरलेली गरज डाळी, तीळ, शेंगदाणे, दूध, अंडी आणि मांस यांतून भागवावी लागते.

ताटातले सर्व जस्त अंगी लागत नाही. धान्य-कडधान्यांतील फायटेट त्याला बांधून ठेवते. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे यांमुळे फायटेट कमी होते. मोड आलेली मटकी आणि आंबील या आपल्या जुन्या पद्धती म्हणूनच मोलाच्या आहेत. धान्याचा कोंडा आणि अंकुर यांत जस्त अधिक असल्याने पीठ न चाळता वापरावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

जैवसंपृक्त बाजरी मधुमेह बरा करते, असे कोणत्याही कार्यक्रमात किंवा वेष्टनावर सांगू नये. भाकरी कोणत्याही वाणाची असली तरी तिच्यात पिष्टमय पदार्थ असतात, म्हणून मधुमेहींनी प्रमाण सांभाळलेच पाहिजे. जस्ताच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत. दिवसाला एकूण ४० मिलिग्रॅमपेक्षा अधिक जस्त दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील तांबे कमी होऊ शकते. कोणत्याही धान्याच्या भरवशावर चालू औषधे किंवा इन्सुलिन बंद करणे धोक्याचे आहे.

माती परीक्षण, योग्य वाण आणि धान्य वापरण्याची योग्य पद्धत या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हातात आहेत. त्यांतून कुटुंबाच्या आहारातील जस्त वाढवता येते, मधुमेहाचा उपचार मात्र डॉक्टरांकडेच असू द्यावा.