फोटोतला तो शर्ट

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी मेथी निवडत बसले होते. घरात एकटीच. अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲप कॉल आला. आधी हुंदके आणि मग, "आई, मला सोडव गं, हे लोक मारतायत!" आवाज माझ्या मुलाचा होता. तो पुण्यात हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग शिकतो. लगेच दुसरा, जरबेचा आवाज आला, "पोरगं आमच्या ताब्यात आहे. फोन ठेवलात किंवा कुणाला कळवलंत तर परत दिसणार नाही."

कशावरून, एवढंच मी कसंबसं विचारलं. त्यांनी फोटो पाठवला. निळ्या चौकड्यांचा शर्ट घातलेला माझा मुलगा, हात खुर्चीला बांधलेले. एकदा उघडला आणि तो फोटो नाहीसा झाला. मी चाळीस हजार रुपये पाठवले.

ते आणखी साठ हजार मागू लागले. पासबुक काढायला फडताळाकडे वळले, तर समोर स्टीलचा नवा डबा. दिवाळीनंतर बोहारणीला जुने कपडे देऊन तो घेतला होता. त्या कपड्यांत निळ्या चौकड्यांचा हाच शर्ट होता! माझ्याच हाताने दिलेला. मग तो आज त्याच्या अंगावर कसा?

मी फोन कापला. मुलाला लावला, तो उचलेना. जीव पुन्हा खाली-वर झाला. त्याच्या खोलीतल्या मित्राला लावला, तेव्हा कळलं की दोघेही प्रॅक्टिकलला होते आणि मुलाचा फोन बॅगेत. मूळ फोटो मुलानेच दोन वर्षांपूर्वी सहलीहून इंटरनेटवर टाकला होता. भामट्यांनी त्यात दोर आणि खुर्ची घातली. आवाजाची नक्कल करायलाही अशाच एखाद्या व्हिडिओतले काही सेकंद पुरतात.

पूर्वी माणूस जिवंत असल्याचा पुरावा असा सहज बनवता येत नसे. एप्रिल १९७८ मध्ये इटलीचे माजी पंतप्रधान आल्डो मोरो यांना मारल्याची आवई उठली, तेव्हा त्यांना ओलीस ठेवणाऱ्या रेड ब्रिगेड्स या अतिरेकी संघटनेने त्यांच्या हाती ताजं वर्तमानपत्र देऊन फोटो काढला. वर्तमानपत्रावरची तारीख हाच दाखला. २००० साली चंदनतस्कर वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांना पळवलं, तेव्हा १०८ दिवस लोक जंगलातून येणाऱ्या कॅसेटींकडे कान लावून होते. आज तारीख, चेहरा, आवाज, सगळंच बनवता येतं. फोटो खराच असला तरी त्यावरून अपहरण सिद्ध होत नाही. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या युटामध्ये एक चिनी विद्यार्थी डोंगरात तंबूत एकटाच सापडला. भामट्यांनी धमकावून त्यालाच लपायला लावलं होतं आणि त्याचा फोटो दाखवून चीनमधल्या आईवडिलांकडून सुमारे ८०,००० डॉलर उकळले होते.

म्हणून पोटतिडकीने सांगते, समोरच्याने पाठवलेला पुरावा मानू नका. पुरावा आपण मागायचा, तोही आपल्या प्रश्नाने. "त्याला विचारा आणि उत्तर मला सांगा," एवढंच शांतपणे म्हणायचं. अपहरण खरं असलं तरी अशा प्रश्नाने सहसा मुलाचा धोका वाढत नाही. उलट तो जिवंत आहे, हे कळण्याचा तो चांगला मार्ग आहे. मात्र वाढदिवस, शाळेचं नाव, कुत्र्याचं नाव विचारू नका, ते सगळं इंटरनेटवर सापडतं. कधी लिहिलं नाही, फोटोत आलं नाही, असं घरातलंच काहीतरी विचारा.

प्रश्न विचारताना दुसऱ्या फोनवरून मुलाला फोन लावा. घरात दुसरा फोन नसेल तर शेजारणीचं दार वाजवा, कागदावर चार शब्द लिहून तिला दाखवा. "फोन ठेवू नका" ही धमकी नेमकी यासाठीच असते की आपण खात्री करू नये. मुलाचा मित्र, रेक्टर, कॉलेज यांचे नंबर मोबाइलबरोबरच भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवा. एकदाच उघडणाऱ्या अशा फोटोचा व्हॉट्सॲप स्क्रीनशॉट घेऊ देत नाही, म्हणून तो नाहीसा होण्याआधी दुसऱ्या मोबाइलने त्याचा फोटो काढा. माझ्याकडे पोलिसांना दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

मुलाचा पत्ता लागत नसेल तर ताबडतोब ११२ या आपत्कालीन नंबरवर पोलिसांना कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी थांबवता येतात. मी तासाभरात फोन केला म्हणून थोडी रक्कम तरी अडली. लाजेने गप्प बसले असते तर तीही गेली असती. आईच्या काळजाला घाबरवून लुटतात, त्यात आईने कसली लाज धरायची?

पुढच्या रविवारी मुलगा घरी आला. दोघांचे फोन आतल्या खोलीत ठेवून आम्ही स्वयंपाकघरात बसलो आणि आमचा प्रश्न ठरवला. तो कुठेही लिहिलेला नाही आणि इथेही लिहिणार नाही. तुमचं मूल घरी येईल तेव्हा तुमचाही प्रश्न असाच समोरासमोर बसून ठरवा.