लुटलेल्या थडग्यातून काय हरवते?

मालवणच्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल असा एक प्रयोग आहे. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. तळाशी तांबडी माती, तिच्यावर चुलीतली राख आणि सर्वांत वर पुळणीतली पांढरी वाळू असे तीन थर भरा. तांबड्या मातीत, काचेलगत, एक नाणे ठेवायला विसरू नका. आता चमच्याने खणून नाणे बाहेर काढा व खड्डा बुजवा. नाणे हाती आले. पण थरांचे काय झाले? तीनही एकमेकांत मिसळले. कितीही खटपट केली तरी ते पूर्ववत होणार नाहीत.

पुरातत्त्वज्ञ जमीन वाचतात ती याच थरांवरून. न हललेल्या जमिनीत खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. वस्तू कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी सापडली, यावरून तिचा काळ व उपयोग ठरतो. थडगे लुटणारा वस्तू तर नेतोच, शिवाय हा पुरावाही मोडतो.

चीनमध्ये १९२८ साली असेच घडले. सुन द्येनयिंग या लष्करी सरदाराच्या सैनिकांनी बीजिंगच्या पूर्वेस असलेल्या छिंग राजघराण्याच्या दफनभूमीत सुरुंग लावून सम्राट छ्येनलुंग व राजमाता त्सशी यांची थडगी फोडली. मोती, रत्ने नेली; अस्थी विखरून टाकल्या. कोणती वस्तू कोठे, कशी ठेवली होती, हे आता ती रत्ने परत मिळाली तरी कळणार नाही.

याउलट आपल्या विदर्भात पाहा. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड येथे मोठे दगड गोलाकार मांडलेली शिलावर्तुळे आहेत. एकट्या जुनापाणीस ती सुमारे ३०० आहेत. ही सम्राटांची नव्हेत, तर लोहयुगातील लोकांची दफने. डॉ. शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील काही थराथराने उकलली. माहुरझरीस मृतांबरोबर घोड्यांची हाडे आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले. तोच पत्रा भंगारवाल्याकडे पोचला असता, तर तो घोड्याचा दागिना होता हे कोणाला ओळखता आले असते? नैकुंडला १९७८ ते १९८० या काळातील उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आणि हे लोक लोखंड स्वतः तयार करीत हे सिद्ध झाले. सोन्याच्या लोभाने आलेल्याने त्या भाजक्या मातीकडे पाहिलेही नसते!

चीनमध्येच १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना मातीच्या पुतळ्याचे तुकडे लागले. ही गोष्ट अधिकाऱ्यांपर्यंत पोचली आणि सम्राट छिन शी ह्वांगची हजारो मृण्मय सैनिकांची सेना उजेडात आली. पुतळ्यांवरील रंग हवा लागताच सुकून पापुद्र्यांसारखे गळू लागले. म्हणून त्या सम्राटाचे मुख्य थडगे शास्त्रज्ञांनी अजून उघडलेले नाही. केव्हा खणू नये, हे ठरवणे हाही विज्ञानाचाच भाग आहे.

आपल्या गावी विहिरीचे किंवा घराच्या पायाचे काम चालू असताना जुनी नाणी वा भांडी लागली, तर काय कराल? काम थांबवायला सांगा. वस्तू हलवू नका, धुऊ नका. जागेचे चित्र काढा आणि शिक्षकांमार्फत तहसील कार्यालयास कळवा. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मात्र कायद्याचे नावही ऐकले नसेल, तरी बरणीतले ते मिसळलेले थर आठवा.